‘मॅक्स हाव्हेलार’ आणि कॉफी : एका शीर्षकाचा पुनर्विचार

१

इ. स. १८६० मध्ये ॲमस्टरडॅम येथे डच भाषेत एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या मुखपृष्ठावरील लेखकाचे नाव ‘मुल्तातुली’ असे होते. हे लॅटिन शब्दांचे टोपणनाव असून ‘मी पुष्कळ सोसले आहे’ असा त्याचा अर्थ होतो. ते धारण करणारा गृहस्थ एदुआर्ट डाउवेस डेकर (१८२०–१८८७) हा डच ईस्ट इंडीजच्या मुलकी नोकरीतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक अधिकारी होता. कादंबरीचे पूर्ण शीर्षक ‘मॅक्स हाव्हेलार अथवा डच व्यापार-मंडळीचे कॉफीचे लिलाव’ असे आहे. एकोणिसाव्या शतकातील डच गद्यात या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे, याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. तथापि शीर्षकाच्या उत्तरार्धाकडे समीक्षकांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले दिसत नाही. ‘कॉफीचे लिलाव’ ही शब्दयोजना बहुधा केवळ उपरोध म्हणून, वाचकाला फसवून आत ओढण्याची युक्ती म्हणून, स्वीकारली जाते आणि चर्चा नायकाकडे वळते.

ही समजूत निराधार नाही. कॉफीच्या व्यापारासंबंधी माहिती मिळेल या अपेक्षेने जो हा ग्रंथ उघडील त्याची निराशा होईल. तीत एकही लिलाव वर्णिलेला नाही. कॉफीचा मळा नाही, फळांची तोडणी नाही, दाणे वाळवण्याची खळी नाहीत. इतकेच नव्हे, तर कथानकाचा मुख्य भाग ज्या लेबाक जिल्ह्यात घडतो तेथे सरकारी कॉफीची लागवड जवळजवळ नव्हतीच. कॉफीचे नाव मस्तकी मिरवणाऱ्या या ग्रंथात कॉफी आहे ती फक्त एका दलालाच्या तोंडी. हा विरोध लेखकाच्या अनवधानातून आला, की ग्रंथाच्या रचनेतच त्याचे कारण आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. रचनेचा बारकाईने विचार केला असता असे दिसून येते की, कॉफीचा व्यापार हा या कादंबरीचा विषय असण्यापेक्षा तिचा आकार आहे. आणि तिच्यावर घेतले जाणारे विस्कळीतपणाचे आक्षेप या दृष्टीने तपासले म्हणजे त्यांचे स्वरूप पालटते.

२

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. कॉफीची रोपे बटाव्हियास गेली ती मलबारच्या किनाऱ्यावरून. १६९६ मध्ये गेलेली पहिली रोपे पुरात नष्ट झाली आणि १६९९ मध्ये ती पुन्हा नेण्यात आली. पुढील तीन दशकांच्या आत ॲमस्टरडॅमच्या बाजारात मोख्याच्या कॉफीला जावाच्या कॉफीने मागे टाकले. हे घडले ते पश्चिम जावातील प्रेआंगर प्रांताच्या डोंगराळ भागात, स्थानिक सरदारांमार्फत शेतकऱ्यांवर सक्तीची लागवड लादून. सरदाराने ठराविक माल ठराविक दराने कंपनीच्या वखारीत घालावयाचा, आणि त्याने तो कसा जमविला याची विचारपूस कंपनीने करावयाची नाही, असा हा व्यवहार होता.

१८३० मध्ये गव्हर्नर-जनरल व्हान डेन बॉस याने याच व्यवहाराला व्यापक रूप दिले. त्या पद्धतीस ‘लागवड-पद्धती’ असे म्हणतात. कागदोपत्री तिचे स्वरूप सौम्य होते. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारला हव्या असलेल्या पिकासाठी राखावा व त्या बदल्यात जमीनमहसुलातून सूट घ्यावी, असा तो नियम होता. ऊस आणि नीळ यांना हे गणित निदान कागदावर तरी लागू पडे. कॉफीला ते लागूच पडत नव्हते. कॉफी भातखाचरात होत नाही. तिला डोंगरउतारावरची जमीन लागते. म्हणून कॉफीच्या बाबतीत मोजमाप झाले ते जमिनीचे नसून झाडांचे. प्रत्येक कुटुंबाने अमुक इतकी झाडे लावावी, राखावी, आणि फळ सरकारी वखारीत पोचते करावे. मळा गावापासून किती दूर आहे, जाण्यायेण्यात किती दिवस मोडतात, याची गणना त्या मोजमापात नव्हती. मराठीत या व्यवस्थेला शब्द आहे तो ‘वेठ’ हाच. नाममात्र मोबदला मिळत असे, म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

या माल-वाहतुकीचे व विक्रीचे काम १८२४ मध्ये स्थापन झालेल्या डच व्यापार-मंडळीकडे होते. शीर्षकातील मंडळी ती हीच. तिच्या लिलावांतून येणारा पैसा थेट हॉलंडच्या तिजोरीत पडे. १८३१ ते १८७७ या काळात वसाहतीतून मायदेशी गेलेली रक्कम ८० कोटी गिल्डरांहून अधिक भरते. १८५० च्या सुमाराच्या दशकात डच राज्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग या मार्गाने येत होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कॉफीचा होता. याच काळात, १८४८ ते १८५० या वर्षांत, मध्य जावातील देमाक व ग्रोबोगान येथे भीषण दुष्काळ पडला.

व्यवस्थेचा कणा होता तो टक्केवारीचा. पीक जितके अधिक निघेल त्या प्रमाणात डच अधिकाऱ्यास आणि देशी सरदारास, म्हणजे ‘रीजंटा’स, ठराविक टक्के मिळत. जो अन्यायाची चौकशी करणार आणि जो अन्याय करणार, ते दोघेही एकाच पिकाचे भागीदार होते. ही एक गोष्ट नीट ध्यानी ठेवली म्हणजे हाव्हेलारची शोकांतिका समजण्यास दुसरी किल्ली लागत नाही.

३

कादंबरीचा प्रारंभ बाटाव्हुस द्रोखस्टॉपल या कॉफीच्या दलालाच्या आत्मनिवेदनाने होतो. त्याच्या आडनावाचा अर्थ ‘वाळलेले धसकट’ असा आहे. पहिल्याच वाक्यात तो आपला धंदा आणि लाउरीरग्राख्त या कालव्यावरील आपला घरक्रमांक सांगतो, आणि पुढे प्रसंगी-अप्रसंगी त्याची पुनरुक्ती करतो. कविता आणि नाटके यांचा त्याला तिटकारा आहे, कारण त्यांत असत्य असते. यमक साधण्यासाठी कवी हवामानाविषयीसुद्धा खोटे बोलतो, ही त्याची तक्रार आहे. अशा मनुष्याच्या हाती योगायोगाने एक बाड येते. ते देणारा त्याचा एक जुना शाळासोबती. कडाक्याच्या थंडीत अंगावर ओव्हरकोटाऐवजी नुसती शाल असल्यामुळे द्रोखस्टॉपल त्याला ‘शालमान’, म्हणजे शालवाला, असे नाव देतो. त्याचे खरे नाव सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. बाडात नाना विषयांवरील निबंध आहेत. त्यांच्या शीर्षकांची एक लांबलचक यादी कादंबरीत दिलेली असून तीत मेनाडो प्रांतातील कॉफीच्या लागवडीवरील एक अहवालही आहे. या कॉफीसंबंधीच्या मजकुरामुळेच ते बाड केराच्या टोपलीतून वाचते. कॉफीच्या बाजाराला धोका आहे असा दलालाचा ग्रह होतो आणि त्यावर एक पुस्तक निघावे असे तो ठरवितो.

पुस्तक लिहिण्याचे काम तो स्वतः करीत नाही. हॅम्बुर्ग येथील एका कॉफीच्या व्यापाऱ्याचा मुलगा स्टर्न त्याच्या पेढीवर उमेदवारी करीत असतो. ते काम त्याच्याकडे सोपविले जाते. स्टर्न भावनाशील आहे. कॉफीऐवजी तो मॅक्स हाव्हेलार नावाच्या एका अधिकाऱ्याची कथा लिहू लागतो. आपला मजकूर कोणी बदलू नये अशी लेखी अट त्याने आधीच घालून घेतली असल्यामुळे दलालाचा नाइलाज होतो. तथापि पुस्तकाला भारदस्तपणा यावा म्हणून मधून मधून स्वतःची प्रकरणे घुसडण्याचा हक्क तो राखून ठेवतो.

या तिहेरी निवेदनाला समीक्षकांनी कधी चातुर्य म्हटले आहे, कधी गोंधळ. १९२७ च्या इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत डी. एच. लॉरेन्सने रचनेच्या दृष्टीने या ग्रंथाला अत्यंत विस्कळीत ठरविले, आणि त्याचे सामर्थ्य उपहासात पाहिले. या दोन्ही मतांत एक गोष्ट सुटते. शालमानच्या बाडाचा प्रवास कसा होतो ते पाहावे. वसाहतीत कष्ट सोसून निर्माण झालेला कच्चा माल मायदेशी येतो. उत्पादकाचे नाव वाटेतच गळून पडते. एका परदेशी मध्यस्थाच्या हातून त्याच्यावर प्रक्रिया होते. शेवटी ज्याने तो पिकविला नाही आणि ज्याला तो समजतही नाही असा दलाल त्यावर आपल्या पेढीचा शिक्का मारून तो बाजारात आणतो. ही कॉफीच्या व्यापाराचीच साखळी होय. हस्तलिखित हे येथे कॉफीच्या पोत्याच्या जागी आहे. ज्या लिलावाचे वर्णन कादंबरीत कोठेच सापडत नाही, तो लिलाव वाचकाच्या डोळ्यांदेखत चालू असतो, आणि लिलावाला निघालेला माल म्हणजे एका माणसाचे सोसणे.

प्रत्यक्ष व्यवहारातही या ग्रंथाच्या वाट्याला हेच भाग्य यावे ही घटना विलक्षण आहे. १८५९ च्या शरद ऋतूत ब्रुसेल्स येथे लिहून झालेले हस्तलिखित प्रतिष्ठित लेखक याकोब व्हान लेनेप याच्या हाती गेले. त्याने त्याची वाङ्मयीन योग्यता ओळखली यात शंका नाही. परंतु त्याने ग्रंथाचा मालकी हक्क आपल्या नावे करून घेतला, स्थळांची नावे व तारखा यांच्या जागी टिंबे घातली, आणि भारी किंमत ठेवून ग्रंथ सामान्य वाचकापासून दूर राहील अशी तजवीज केली. डेकरने न्यायालयात धाव घेतली. तेथे त्याची हार झाली. लेखकाच्या हाताने संस्कारित झालेली आवृत्ती निघावयास पुढे १५ वर्षे जावी लागली, आणि मूळ हस्तलिखित तर १९४९ मध्ये छापले गेले. कॉफी पिकविणाऱ्याचा कॉफीवर जितका हक्क होता, साधारण तितकाच मुल्तातुलीचा आपल्या पुस्तकावर राहिला होता.

४

आता लेबाककडे वळावे. डेकर तेथे असिस्टंट रेसिडेंट म्हणून जानेवारी १८५६ मध्ये रुजू झाला आणि एप्रिलमध्ये नोकरीतून मुक्त झाला. अवघ्या तीन महिन्यांहून कमी असलेल्या या अवधीवर कादंबरीचे कथानक उभारले आहे. हाव्हेलारचा झगडा आहे तो त्या जिल्ह्याच्या वृद्ध रीजंटाशी. हा रीजंट रयतेकडून विनामूल्य राबवून घेतो आणि तिची गुरे ओढून नेतो. हाव्हेलार त्याच्यावर आरोप ठेवतो. रेसिडेंट स्लाइमरिंग प्रकरण दडपू पाहतो. गव्हर्नर-जनरल हाव्हेलारचीच बदली करतो. हाव्हेलार राजीनामा देतो.

येथे शंका उद्भवते ती अशी, की गुन्हा जर देशी सरदाराचा आणि लूट जर म्हशी-रेड्यांची, तर ॲमस्टरडॅमच्या कॉफीचा त्याच्याशी संबंध काय? कादंबरीचे उत्तर घटनांच्या मांडणीत आहे. लेबाकच्या रीजंटाला नात्यातील चियांजूरच्या रीजंटाची भेट घडावयाची आहे. पाहुणा मोठ्या लवाजम्यानिशी येणार. त्याच्या सरबराईसाठी गावेच्या गावे वेठीला धरली जातात आणि गुरे जमा केली जातात. चियांजूर हे प्रेआंगरमध्ये, म्हणजे कॉफीच्या मुख्य प्रदेशात, आहे आणि तेथील रीजंट कॉफीच्या टक्केवारीवर श्रीमंत झालेले आहेत. लेबाकच्या रीजंटाला कॉफी नाही म्हणून टक्के नाहीत, पण इभ्रत मात्र तितकीच राखावयाची आहे. ती तो म्हशींवर राखतो. सरकार त्याला हात लावीत नाही, कारण एका रीजंटाची मानखंडना झाली तर ज्यांच्या जोरावर अन्यत्र कॉफी निघते त्या सर्व रीजंटांची निष्ठा डळमळेल. लेबाकमध्ये कॉफीचे झाड नसले, तरी तेथील प्रत्येक चोरीला कॉफीचे संरक्षण आहे.

द्रोखस्टॉपलला हा संबंध उमगत नाही. परंतु लेबाकमध्ये कॉफी पिकत नाही, एवढे मात्र स्टर्नचे लेखन वाचून त्याला कळते आणि तो अस्वस्थ होतो. त्यावर त्याला सुचलेला उपाय संपूर्ण ग्रंथातील उपरोधाचा कळस म्हणावा लागेल. जमीन कॉफीला योग्य नसेल तर ती बदलावी, आणि ते शक्य नसेल तर तेथील लोकांना जेथे कॉफी पिकते अशा ठिकाणी हलवावे, असे तो गंभीरपणे सुचवितो. श्रमाद्वारेच जावाचे लोक ईश्वराप्रत जाऊ शकतील, हा धर्मोपदेशक वावेलारचा सिद्धांत त्याला या कामी उपयोगी पडतो. त्याची भाषा सरळ आहे, तीत क्रौर्याचा लवलेश नाही, आणि म्हणूनच ती भयंकर वाटते. मुल्तातुलीने त्याला खलनायक केले नाही. त्याने त्याला केवळ दूर ठेवले. माल ज्याच्या दारात येतो परंतु मालाचे मूळ ज्याच्या दृष्टीच्या टप्प्यात कधीच येत नाही, इतका दूर.

या अंतराला उत्तर म्हणून सैजा आणि आदिंदा यांची कथा येते. सैजाच्या बापाचा रेडा परांगकुजांगचा सरदार ओढून नेतो. बाप वडिलार्जित कट्यार विकून दुसरा घेतो, तोही जातो. पुन्हा तेच घडते. सैजा बटाव्हियास चाकरीसाठी जातो, आणि आदिंदा भात कांडण्याच्या उखळावर महिन्यामहिन्याची एकेक खूण कोरीत त्याची वाट पाहते. ३६ महिन्यांनी तो परततो तेव्हा तिचे घर उद्ध्वस्त झालेले असते. लांपुंगमधील बंडखोरांत तो तिला शोधतो ते तिचे प्रेत पाहण्यासाठीच, आणि स्वतः डच शिपायांच्या संगिनींवर झेप घेतो. पाठ्यपुस्तकांनी ही कथा वेगळी काढून तिच्यावर अश्रू ढाळले. मूळ ग्रंथात मात्र तिला लागूनच एक रूक्ष नोंद आहे : एका महिन्यात, एकट्या परांगकुजांग विभागात, ३२ माणसांची ३६ गुरे रीजंटासाठी नेण्यात आली. आपली कथा कंटाळवाणी होत आहे, कारण चोरीच एकसुरी आहे, असे लेखक स्वतः बजावतो. कथा कल्पित असेल. यादी कल्पित नाही. दलालाच्या हिशेबाच्या वहीला येथे दुसरी वही सामोरी उभी केली आहे.

५

अंतिम पृष्ठांवर मुल्तातुली स्वतः लेखणी हाती घेतो. स्टर्नला तो निरोप देतो. द्रोखस्टॉपलला तो कॉफीतच गुदमरून नाहीसे होण्याची आज्ञा करतो. पुस्तक विस्कळीत आहे, शैली वाईट आहे, हे सर्व आक्षेप तो मान्य करतो आणि मूळ आरोप मात्र कोणी खोडू शकणार नाही असे ठणकावून राजा तिसरा विल्यम याला थेट प्रश्न विचारतो. कादंबरीचे सर्व संकेत मोडणारा हा शेवट रसभंग करतो, असे म्हटले गेले आहे. परंतु वर दाखविलेली साखळी मान्य केल्यास तो अपरिहार्य ठरतो. मध्यस्थांच्या हातांतून फिरत आलेला माल अखेर त्याच्या धन्याने हिसकावून घेतला आहे. लिलाव मोडला आहे.

याच वर्षी, १८६० मध्ये, ढाक्याला दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे बंगाली नाटक प्रसिद्ध झाले. तेथेही विषय सक्तीच्या पिकाचाच आहे. नाटककाराचा वाचक मात्र निळीच्या शेताजवळचा होता. म्हणून मळेवाल्यांचा जुलूम त्याला रंगभूमीवर थेट उभा करता आला. त्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड झाला. मुल्तातुलीला शिक्षा झाली नाही. त्याची स्तुती झाली. पुस्तक सुंदर आहे असे लोक म्हणू लागले, आणि या स्तुतीचाच त्याला आयुष्यभर संताप राहिला. या दोन प्रतिक्रियांतील फरक वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. निषेध करणारा ग्रंथ दडपण्याचा एक मार्ग कैद हा आहे, दुसरा रसग्रहण हा.

ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हाव्हेलारला डच सत्ता नको आहे असे नाही. त्याला ती न्यायी हवी आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात तो प्रथम देशी सरदाराला उभे करतो, आणि त्यामुळे मूळ व्यवस्थेवरील रोख काही काळ ढळतो. जावाचा शेतकरी या ग्रंथात सोसतो, गातो आणि मरतो, पण युक्तिवाद करीत नाही. तो त्याच्या वतीने हाव्हेलार करतो. १९९९ मध्ये इंडोनेशियाचे कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर यांनी या ग्रंथाने वसाहतवादाचा अंत घडविला अशा अर्थाचा गौरव केला. त्यात तथ्य आहे ते एका लांबच्या अर्थाने. १८७० च्या कायद्यांनी लागवड-पद्धती मोडीत निघू लागली, परंतु तिची जागा खाजगी भांडवलाच्या मळ्यांनी घेतली, आणि कॉफीची सक्ती तर काही भागांत विसाव्या शतकापर्यंत टिकली. उदारमतवाद्यांनी आपल्या ग्रंथाचा असा उपयोग करावा हे स्वतः मुल्तातुलीला मान्य नव्हते. १८६२ मध्ये ‘मुक्त श्रमा’वर लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने दोन्ही पक्षांना सारखेच दोषी धरले.

त्या व्यवस्थेत पश्चिम सुमात्रातील शेतकरी कॉफीच्या पानांचा काढा पीत, कारण दाणे सरकारी वखारीत जमा करावे लागत. ॲमस्टरडॅमच्या पेल्यात दाणा आणि पिकविणाऱ्याच्या वाटीत पाला, ही वाटणी मुल्तातुलीच्या कादंबरीत आलेली नाही. पण तिचा आकार याच वाटणीने घडविला आहे. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये लहान शेतकऱ्यांच्या कॉफीला रास्त भाव मिळावा म्हणून एक व्यापारचिन्ह काढण्यात आले, आणि त्याला नाव देण्यात आले ते ‘मॅक्स हाव्हेलार’. मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या सहकारी शेतकऱ्यांची कॉफी त्या नावाने प्रथम विकली गेली. हा हेतू प्रामाणिक होता आणि हा सन्मानही यथार्थ होता. तरी ज्याने सारे पुस्तक लिलावातून सोडविण्यासाठी लिहिले त्याच्या नायकाचे नाव अखेर पुडक्यावर छापले गेले, ही गोष्ट उरतेच. दाणा कोणी पिकविला हा प्रश्न विचारण्याचे काम पुडक्यावरच्या नावावर सोपवून ग्राहक निश्चिंत होतो, की त्या नावामुळे तो प्रश्न त्याला प्रथमच सुचतो, यावर त्या सन्मानाचे मोल ठरेल. ‘मॅक्स हाव्हेलार’ वाचणाऱ्यालाही हीच कसोटी लागू आहे.